वाचक विचारतात : घरची जुनी मोटार दुसऱ्याच्या हाती देताना

या महिन्यात खानदेशातून आलेली काही पत्रे एकाच विषयाची असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडी आवरती घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, केळीच्या उत्पन्नातून १९७८ मध्ये नवी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. घरातील लग्नकार्ये, दवाखान्याच्या फेऱ्या, बहिणीला आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आणणे, हे सारे त्याच गाडीने झाले. आप्पा वारल्यापासून गाडी खळ्यातील पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. नाशिकचे एक गृहस्थ ती घेण्यास तयार आहेत. आईचे म्हणणे असे की, गाडी चांगल्या घरी जात असेल तर द्यावी. सुरतेच्या बहिणीची हरकत नाही. पुण्याचे थोरले बंधू मात्र विकू नका म्हणतात. ते वर्षातून एकदा कानबाईच्या रोटांना, म्हणजे श्रावणातील देवीच्या उत्सवाला, येतात, गाडीवरून हात फिरवतात आणि परत जातात. गाडी आधी विंटेज म्हणून नोंदवून घेतली तर किंमत वाढेल का, आणि बंधूंचे मन न दुखावता हा व्यवहार कसा करावा? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण त्याचे अर्धे उत्तर कायद्यानेच दिलेले आहे. आरसी बुक अजून आप्पांच्या नावावर असेल, तर ती गाडी आज आपण, आई किंवा बंधू यांपैकी कोणीही एकट्याने विकू शकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार मालकाच्या मृत्यूनंतर गाडी ज्याच्या ताब्यात येते, त्याने ती तीन महिन्यांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. त्यासाठी नमुना ३१ वापरतात. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. मुदत उलटून गेली असल्यामुळे विलंबाची रक्कम भरावी लागेल, परंतु काम अडणार नाही. थोडक्यात, बंधूंच्या सहीवाचून गाडी खळ्याबाहेर जाणार नाही, म्हणून त्यांना वगळून केलेला विचार येथेच थांबतो. नाशिकच्या गृहस्थांकडून विसार घेतला नसेल तर सध्या घेऊ नये आणि घेतला असेल तर ही अडचण त्यांना स्पष्ट सांगावी.

विंटेज नोंदणीविषयी बराच गैरसमज दिसतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी हीच विंटेज ठरते. आपली गाडी १९७८ ची आहे, म्हणजे २०२८ पर्यंत तो प्रश्न उद्भवत नाही. पुढे उद्भवला तरी या नोंदणीचे स्वरूप समजून घ्यावे. नव्याने नोंदणीस २०,००० रुपये शुल्क आहे, ती दहा वर्षे चालते, नंतरच्या नोंदणीस ५,००० रुपये पडतात आणि नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मुख्य म्हणजे अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. ज्या खरेदीदाराला रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन त्र्यंबकेश्वरला जाऊन यावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने साधी, चालू नोंदणी असलेली पद्मिनी अधिक उपयोगाची आहे. केवळ त्या दोन अक्षरांनी किंमत चढते असे समजू नये.

आपल्या गाडीला आज गरज आहे ती साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाची. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे असते आणि नंतर दर पाच वर्षांनी गाडी प्रत्यक्ष आरटीओत नेऊन पासिंग करून घ्यावे लागते. आप्पांनी ते अखेरचे केव्हा केले होते, हे आरसी बुकावर पाहावे. पूर्वी ६०० रुपयांत होणाऱ्या या कामाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले. त्याशिवाय उशिराचा महिन्यागणिक दंड आणि पर्यावरण कर येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, तीही बसवावी लागेल. जुन्या हस्तलिखित पुस्तकाची नोंद संगणकावर चढलेली नसेल, तर आधी आरटीओत अर्ज देऊन ती चढवून घ्यावी लागते आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळ याच कामात जातो. हा सगळा खर्च एका कागदावर मांडून ठेवावा, कारण बंधूंशी बोलताना त्याचा उपयोग होणार आहे.

आता गाडीविषयी. फियाट ११०० चीच पुढची पिढी प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यात काढली. नव्या शतकाच्या तोंडावर तिचे उत्पादन संपले, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग आणि तिचे कारागीर पुढे वीस वर्षे टिकून राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. क्लचप्लेट, वॉटर पंप, ब्रेकचे सिलिंडर या गोष्टी आज मिळतात, परंतु त्यांची रोजची मागणी आता राहिलेली नाही आणि हातांनी कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, जुळवून देणारे मिस्त्री वयाने थकत चालले आहेत. आज जे काम सहज होते, ते दहा वर्षांनी तसे होईलच असे नाही.

गाडी नुसती उभी ठेवण्याने ती जपली जाते, असे बंधूंना वाटत असावे. खानदेशातील कोरड्या हवेचा पत्र्याला फायदा होतो हे खरे आहे. मुंबई किंवा कोकणातील गाडीचे फूटबोर्ड आणि मडगार्डच्या आतील कडा जशा सडतात, तशा यावल-रावेरकडील गाडीच्या सडत नाहीत आणि जाणकार खरेदीदार याचसाठी आपल्याकडील गाड्या शोधत येतात. परंतु ज्या उन्हाने पत्रा वाचतो त्याच उन्हाने रबर मरते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काचांची रबरे, इंधनाचे पाइप आणि पंख्याचा पट्टा तडकतात. टाकीतील पेट्रोल उडून मागे चिकट राळ राहते आणि ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, बसते. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात. खळ्यात धान्य असल्यामुळे उंदीर असणारच आणि ते वायरिंगचा समाचार घेतात. त्यात आता सर्वत्र २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही, म्हणून अशा गाडीतील इंधनाचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवावा लागतो, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे लागतात.

यंदाच्या कानबाईला सारे घर जमेल, तेव्हा रोट झाल्यानंतर दुपारी आईसमोर हा विषय काढावा असे सुचवितो. बंधूंना ‘विकायची की नाही’ असे विचारू नये. नोंदणीचा खर्च, वर्षाची देखभाल आणि गाडीला महिन्यातून दोनदा फिरवून आणणारा माणूस, यांची जबाबदारी ते घेतील का, असे विचारावे. त्यांनी होकार दिला तर नमुना ३१ त्यांच्या नावाने भरावा, गाडी पुण्याला न्यावी किंवा गावातील मिस्त्रीला त्यांनी पैसे पाठवावेत, आणि विकण्याचा विषय आपण मनातून काढून टाकावा. त्यांना ते जमणार नसेल तर दिवाळीपर्यंतची मुदत ठरवून नाशिकच्या गृहस्थांना होकार कळवावा. माझे मत विचाराल तर, जी गाडी नाशिकला महिन्यातून चार वेळा चालेल, ती यावलला चार वर्षे न चाललेल्या गाडीपेक्षा आप्पांच्या गाडीसारखी राहील. बंधूंना आठवण हवी असेल तर मूळ किल्लीचा छल्ला किंवा खरेदीची पावती ठेवू द्यावी. कारखान्याचे पुस्तक, जॅक आणि नट-बोल्ट आवळण्याचे पाने यांना मात्र कोणी हात लावू नये, ती गाडीबरोबरच जाऊ द्यावीत.

विकण्यापूर्वी रंग देऊ नये. ताज्या रंगाखाली किती लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजविण्याचा लेप, भरली आहे ही शंका घेऊनच खरेदीदार येतो आणि खिशातील लोहचुंबक पत्र्याला लावून पाहतो. त्याऐवजी टाकी धुऊन, पॉइंट आणि प्लग साफ करून, ब्रेक सोडवून गाडी तिच्या पायावर चालती करावी. नोंदणी संपलेली असेल तर ती चालवत नाशिकला नेण्याचा मोह टाळावा, ट्रकवर किंवा टेम्पोवर चढवून पाठवावी.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक असून वय ७९ आहे. माझ्याजवळ १९५६ सालची फियाट ११०० आहे, जिला लोक डुक्कर फियाट म्हणतात. ती वडिलांनी घेतली, १९७१ पासून ती माझ्या नावावर आहे आणि डोळ्यांच्या तक्रारीमुळे आता मी ती चालवू शकत नाही. मुले परदेशी आहेत. अनेक जण येऊन पाहून गेले, पण प्रत्येकात काहीतरी उणे वाटते. सर्वांत जास्त रक्कम देऊ करणाऱ्याला तिच्यात आधुनिक इंजिन आणि वातानुकूलन बसवायचे आहे. ‘मूळ स्वरूप बदलणार नाही’ अशी अट विक्रीच्या कागदात घालता येईल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : अट घालता येते, पाळून घेता येत नाही. मालकी एकदा बदलली की गाडीचे काय करावयाचे हे नवा मालक ठरवितो. कागदावरील वाक्याच्या आधाराने ७९ व्या वर्षी कोर्टाची पायरी चढण्याची आपली तयारी असेल असे मला वाटत नाही. अटीवर भिस्त ठेवण्यापेक्षा माणूस निवडावा.

त्यासाठी थोडी परीक्षा घ्यावी लागते. आलेल्या माणसाजवळ दुसरी कोणती जुनी गाडी आहे आणि ती आज चालते का, हे विचारावे. ती पाहण्यासाठी त्याच्या घरी जाता आले तर अधिक चांगले. आपली गाडी त्याच्याकडे कोठे उभी राहणार, तिचा मिस्त्री कोण, हेही विचारावे. आपल्या गाडीचे पुढचे दरवाजे मागच्या कडेच्या बिजागरीवर उघडतात आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. जो माणूस दरवाजा उघडताना आधी बिजागरीचा ढिलेपणा बघतो आणि गिअर टाकताना लिंकेजचा आवाज ऐकतो, त्याला गाडी कळते. फोटो काढून लगेच किमतीवर येणाऱ्याला दुसऱ्या भेटीपर्यंत थांबवून ठेवावे. तो दुसऱ्यांदा आलाच तर विचार करावा.

आधुनिक इंजिन बसवू इच्छिणाऱ्याला एवढे सांगून पाहावे की, मूळ १,०८९ सीसीचे इंजिन काढल्यास आणि चेसिसमध्ये किंवा सांगाड्यात मोठा फेरफार केल्यास विंटेज नोंदणीची पात्रता जाते आणि मूळ इंजिन-चेसिसची जोडी हीच या गाडीच्या किमतीचा मोठा भाग आहे. १९५३ मध्ये इटलीत आलेले हे मॉडेल पुढील काही वर्षांत कुर्ल्याला जुळवले जाऊ लागले, म्हणून आपली गाडी त्या पहिल्या काळातील आहे. हे ऐकूनही त्याचा बेत बदलला नाही, तर त्याची रक्कम कितीही मोठी असली तरी त्याला नकार द्यावा. त्याला जे हवे आहे ते साध्या, रिकाम्या सांगाड्यावरही करता येते आणि असे सांगाडे अजून मिळतात. किमतीची आपल्याला निकड नाही हे पत्रावरून दिसते, म्हणूनच इतक्या ठामपणे लिहितो. ज्यांना पैशांची गरज आहे त्यांना मी हा सल्ला देणार नाही.

थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. येणाऱ्या प्रत्येकात उणे दिसते, तेव्हा एकदा स्वतःच्या अपेक्षांकडेही पाहावे. आपल्यासारखा मालक आपल्याला बाजारात मिळणार नाही. आपण पन्नासहून अधिक वर्षांत जे शिकलात ते तिशीतील मुलाजवळ कसे असेल? ते त्याला देण्याचा एक मार्ग आहे. एक वही करावी आणि तिच्यात गाडीच्या खोडी लिहून काढाव्यात. डिसेंबरच्या पहाटे धुळ्यात पारा खाली जातो तेव्हा चोक किती ओढावा आणि कधी सोडावा, मे महिन्यात लळिंगच्या चढावर पंपातील पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते तेव्हा पंपावर ओला फडका कोठे ठेवावा, टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलविणाऱ्या भागांचा, आवाज किती असला म्हणजे ठीक, तेल कोणते घालता, रेडिएटरची गळती कोठून होते, कोणता भाग कधी आणि कोणाकडून बदलला. शिसे घातलेले पेट्रोल २००० मध्ये बंद झाल्यानंतर व्हॉल्व्हच्या सीटसाठी, म्हणजे झडप जिच्यावर बसते त्या कडीसाठी, काही केले असल्यास तेही लिहावे, कारण शिशाने त्या सीटची झीज थोपवली जात असे आणि नव्या मालकाचा हा पहिला प्रश्न असायला हवा. ही वही लिहिताना आपल्याला ठरविणेही सोपे जाईल. ज्याला ती वाचण्याची उत्सुकता वाटेल, त्याला गाडी द्यावी.

व्यवहाराबाबत दोनच गोष्टी. आपल्या गाडीचा जुना क्रमांक मुंबई राज्याच्या काळातील, म्हणजे महाराष्ट्र राज्य होण्यापूर्वीचा असणार. विंटेज नोंदणी करताना आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ क्रमांक राखता येतो, तो राखून ठेवण्याचा आग्रह धरावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर, ज्यांना आरटीओच्या आवारात टीटी फॉर्म म्हणतात, कोऱ्या सह्या करून एजंटाच्या हाती देऊ नयेत. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावयाचे असते. नोंद बदललेली नसेल तर गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असतानाही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. खरेदीदार गुजरात किंवा मध्य प्रदेशातील असेल तर नमुना २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागेल. आलेल्या रकमेवर आयकराची चिंता करू नये. स्वतःच्या वापरातील मोटार ही भांडवली मालमत्तेत धरली जात नाही.

प्रश्न : यजमानांच्या पश्चात १९७० ची अँबेसडर मार्क-२ माझ्या नावावर झाली आहे. लग्नात नवरदेवासाठी सजवून भाड्याने देणारे एक व्यावसायिक चांगली रक्कम देत आहेत. दुसरीकडे, यजमानांबरोबर अठरा वर्षे चालक म्हणून असलेले, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते ती मागत आहेत, पण त्यांना रक्कम हप्त्याहप्त्यानेच देता येईल. मन भाऊंकडे ओढते. सल्ला द्यावा. (एक भगिनी, शहादा)

उत्तर : आपले मन जिकडे ओढते, तिकडेच माझाही कल आहे, फक्त हप्त्यांचे स्वरूप बदलावे लागेल. सारी रक्कम फिटेपर्यंत आरसी आपल्या नावावर आणि गाडी त्यांच्या दारात, अशी व्यवस्था अजिबात करू नये. आधीच्या उत्तरात सांगितलेली अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मग वर्षानुवर्षे आपल्या डोक्यावर राहील. भाऊंना आज एकरकमी किती देता येते ते मोकळेपणाने विचारावे, आणि तेवढीच किंमत धरून गाडी लगेच त्यांच्या नावावर करून द्यावी. उरलेली रक्कम सोडून देणे आपल्याला परवडत असेल, तर ती त्यांच्या अठरा वर्षांच्या सेवेपोटी दिली असे समजावे आणि तसे त्यांना सांगावेही, म्हणजे त्यांना उपकाराचे ओझे वाटणार नाही. परवडत नसेल तर उरलेल्या रकमेचा स्वतंत्र, साधा हातउसन्याचा कागद करावा. त्याचा गाडीच्या मालकीशी संबंध ठेवू नये.

लग्नवाल्या व्यावसायिकांच्या बाबतीत एक अडचण आहे. खासगी नोंदणीची मोटार परवान्याशिवाय भाड्याने चालविता येत नाही, अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि विंटेज नोंदणी करून घेतली तर धंद्याचा वापर स्पष्टपणे वर्ज्य आहे. त्यांचे काय ते ते पाहतील, परंतु नोंद बदलण्यात त्यांनी चालढकल केली तर नोटिसा आपल्या पत्त्यावर येतील. शिवाय फुलांच्या माळा बांधण्यासाठी मारलेले चिकटपट्टे आणि मंडपाच्या गर्दीत दाराला लागणारे धक्के या गाड्यांचा रंग दोन हंगामांत घालवतात.

गाडीची जुनी कागदपत्रे नंदुरबारला मिळाली नाहीत, असे आपण पत्रात ओझरते लिहिले आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे १९७० ची मूळ नोंद धुळ्याच्या कार्यालयात शोधावी लागेल. भाऊंना बरोबर न्यावे. इतकी वर्षे पासिंगला त्यांनीच गाडी नेली असणार, त्यामुळे कोणत्या टेबलावर काय मिळते हे त्यांना ठाऊक असेल. गाडीत मध्यंतरी डिझेल इंजिन बसविले असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का, तेही त्याच फेरीत पाहून घ्यावे, कारण खानदेशातील बऱ्याच अँबेसडर गाड्यांचे असे इंजिन बदललेले आहे आणि पुस्तकात मात्र अजून पेट्रोलच लिहिलेले असते.

प्रश्न : आमची जुनी फियाट आता दुरुस्तीपलीकडे गेली आहे. भंगारात देण्यापेक्षा एखाद्या तंत्रशाळेला किंवा संग्रहालयाला देणे बरे नव्हे का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : संग्रहालयाची आशा फार धरू नये. अहमदाबादजवळ कठवाड्याला जुन्या मोटारींचा मोठा संग्रह आहे, पण तेथील गाड्या पाहिल्या म्हणजे आपल्या गाडीला तेथे जागा का मिळणार नाही हे लक्षात येईल. तंत्रशाळेला विचारण्यास हरकत नाही. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि डायनामो उघडून शिकण्यासाठी अशी गाडी चांगली असते, परंतु अभ्यासक्रमात आता इंधन इंजेक्शन आणि विजेची वाहने आली आहेत, म्हणून शिक्षकाने प्रत्यक्ष हवी म्हटल्याशिवाय ती त्यांच्या आवारात नेऊन टाकू नये. नाही तर ती तेथील बाभळीखाली सडेल.

‘दुरुस्तीपलीकडे’ हा निर्णय कोणाचा आहे, तेही कळवायला हवे होते. नवी गाडी विकणाऱ्याने किंवा भंगारवाल्याने तसे सांगितले असेल, तर एकदा जुन्या मिस्त्रीला दाखवावी. चेसिस आणि खांब शाबूत असतील तर ती दुसऱ्या कोणाच्या दुरुस्तीला उपयोगी पडते, आणि पुढची जाळी, दिव्यांच्या रिंगा, बंपर, डॅशबोर्डचे मीटर हे भाग शोधणारे लोक त्यांची किंमत वजनाच्या भावापेक्षा पुष्कळ अधिक देतात. भाग काढून द्यावेत की गाडी अखंड द्यावी, यावर दोन मते आहेत. मी अखंड देण्याच्या बाजूचा आहे, कारण चांगले चार भाग गेल्यावर उरलेले कोणी नेत नाही. गाडी खरोखरच मोडीत निघत असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी, तेथील प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यावी. हे केले नाही तर गाडी वितळून गेल्यावरही तिचा क्रमांक आपल्या नावावर जिवंत राहतो आणि कधी तरी दुसऱ्याच वाहनावर फिरताना सापडतो.

प्रश्न : गाडीचा ताबा कोणत्या दिवशी द्यावा? घरातील वडीलधारी पितृपक्ष टाळा म्हणतात, आणि खरेदीदाराला मात्र घाई आहे. (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : वडीलधाऱ्यांचे ऐकावे. पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही आणि नवरात्र लागल्यावर, विशेषतः दसऱ्याच्या सुमारास, तोच खरेदीदार अधिक आनंदाने येईल. दिवस कोणताही धरला तरी तो आरटीओ उघडे असण्याचा असावा आणि ताबा सकाळी द्यावा, म्हणजे कागद त्याच दिवशी दाखल करता येतील. पूजा करावी, नारळ फोडावा, मुलांना एक फेरी मारू द्यावी. त्यानंतर किल्ली देताना ताब्याची पावती दोन प्रतींत करावी आणि तीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, मीटरवरील आकडा, दोघांच्या सह्या आणि तारखेबरोबर वेळही लिहावी. आपल्या गावातून निघालेली गाडी त्याच दिवशी कन्नडचा घाट चढणार असेल, तर किती वाजेपर्यंत ती आपली होती हे कागदावर असलेले बरे.